विंचू नसलेलं घर

आमच्या घराण्याला वर होता की, चंद्रसूर्य असेपर्यंत आमच्या उंबऱ्याच्या आत, अगदी परसातसुद्धा, विंचू पाऊल टाकणार नाही. हा वर कुणी दिला याबद्दल घरात दोन मतं होती. आत्याच्या मते तो एका गोसाव्यानं पणजोबांना दिला. माझ्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या मते पणजोबांनी तो ग्रहणात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून स्वतः मिळवला. ज्या पठारावर आमचं गाव आहे तिथं कमरेइतकं पाणी विहिरीखेरीज कुठंच नसतं, त्यामुळं मला गोसाव्याची गोष्ट जरा बरी वाटायची. प्रत्यक्ष वराबद्दल मात्र दुमत नव्हतं. गावात नव्हतं, पंचक्रोशीत नव्हतं, आळेफाट्याच्या गॅरेजांतून काम करणाऱ्या पोरांतही नव्हतं. ही गोष्ट फक्त विंचवांच्या कानावर गेलेली नव्हती.

आळेफाट्यावरून नगरच्या बाजूला निघालं की हिरवळ हळूहळू हात आखडता घेते आणि मग एकदम संपते. मुरूम, दगड, बाभळी आणि वारा. आमचं घर दगड-मातीच्या भिंतींचं, वर कौलं, आत शेणानं सारवलेली भुई, परसात गोवऱ्यांची रास आणि तिच्यावर पालथी घातलेली फुटकी घमेली. विंचवानं स्वतः घर बांधायला काढलं असतं तर याहून वेगळं बांधलं नसतं. चैत्र-वैशाखात भिंती तापल्या की ते सांदीतून बाहेर यायचे. कौलांवरून चालता चालता तोल गेला की खाली पडायचे, आणि पत्र्याच्या पेटीवर पडले तर बारीक ‘टक्’ असा आवाज व्हायचा. त्या आवाजाला आम्ही बोलता बोलता थांबायचो, वाकळ झटकायचो आणि पुढचं वाक्य बोलायचो. आज मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. फरशीवर पेन पडलं तरी आधी पाय वर घेते, मग पेन शोधते.

घरात विंचू नाहीत म्हटल्यावर त्यांचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. आम्ही ‘ते’ म्हणायचो. ‘जात्यामागं ते हाय.’ आई नवऱ्यालाही ‘ते’ म्हणायची, पण कुणाला चिमट्यात धरायचं हे प्रसंगावरून कळायचं. चिमटा धरायचं काम माझं होतं. नांगीच्या मागं पकडायचं आणि थेट चुलीत टाकायचं. अंगणात चेचला असता तर शेजारणीला दिसला असता, उकिरड्यावर टाकला असता तर कोंबड्यांनी ओढत रस्त्यावर आणला असता. चुलीत तडतडला की जळक्या केसांसारखा वास सुटायचा आणि त्याच आरावर मग भाकरी शेकायची. गावातली बाकीची माणसं विंचवाला उघडपणे भीत असत, त्यामुळं त्यांची सोय होती. बाजेच्या चारी पायांखाली ती पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवत. औषध फवारणारे सरकारी लोक आले की घरातली भांडी बाहेर काढून देत. आमच्याकडं वाट्या ठेवायची सोय नव्हती, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दिसल्या असत्या. फवारणीवाले दारात आले की तात्या ओट्यावरूनच हात उंच करत. “फुडं जावा. आपल्याला गरज न्हाई.” ते पुढं जायचे. त्यांनी फवारलेल्या शेजारच्या घरांतून जे काही पळून निघायचं, ते साहजिकच आमच्याकडं यायचं.

तात्या विंचू उतरवत. लोक लांबलांबून येत. बैलगाडीतून, सायकलच्या दांडीवरून, पुढं पुढं माणसं कोंबून धावणाऱ्या वडाप जीपमधून. ज्याला चावलाय तो ओट्यावर बसायचा, तात्या लिंबाचा डहाळा घ्यायचे आणि खांद्यापासून बोटांकडं फिरवत ओठातल्या ओठात काही म्हणायचे. मधेच थांबून विचारायचे, “कुठवर आलं?” “खांद्याला हाय.” पुन्हा डहाळा. “आता?” “कोपरात आल्यावानी वाटतंय.” असं करत करत कळ बोटाच्या टोकाशी यायची आणि तात्या डहाळा जमिनीवर आपटायचे. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त नारळ. जाताना आभार मानायचे नाहीत, मागं वळून बघायचं नाही. आणि मंत्र सांभाळणाऱ्या घरात शेवग्याची शेंग शिजवायची नाही, कारण ती नांगीसारखी दिसते. आमच्या परसात शेवग्याचं झाड होतं. शेंगा शेजारी वाटल्या जायच्या आणि त्यांच्या आमटीचा वास भिंतीवरून परत यायचा. ही विद्या आता माझ्या चुलतभावाकडं आहे. तो व्हिडिओ कॉलवर उतरवतो. रेंज गेली तर कळ कोपरातच थांबते.

आई शिनोलीची. घोडेगावाहून भीमाशंकरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या ओल्या मुलखातली, भातखाचरांत वाढलेली. तिकडं पावसात पायाला जळवा लागतात, त्या ओढून टाकायच्या आणि पुढं जायचं, एवढीच तिची विषारी जगाशी ओळख. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांना सांगण्यात आलं की पोरगी पठारावर चाललीय, पण विंचवाचं भ्या नाही, त्या घराला वर आहे. पहिला विंचू तिला आमच्या घरी अंगावरची हळद निघायच्या आतच चावला. ती ओरडली. ओट्यावर माणसं होती. आत्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “भाजलं म्हन. चुलीनं भाजलं म्हन.” आत्या ही तात्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन परत आलेली आणि नंतर वराची राखण हेच आयुष्य मानलेली. त्या दिवसापासून आईला भाजायला लागलं. काळा विंचू चावला की ती पदराचा बोळा दातांत धरायची आणि हातातलं काम संपवायची.

मला एक दुपार स्वच्छ आठवते. ओट्यावर खालच्या वस्तीतली एक बाई, तळहाताला विंचू चावलेली, “आगं माझ्ये आये, मेले गं,” असा टाहो फोडत होती. भोवती बाया जमल्या होत्या, कुणी वारा घालत होतं, कुणी गूळपाणी देत होतं, आणि तात्या डहाळा फिरवत होते. आत आई परातीपुढं बसली होती. तिच्या डाव्या पावलाला थोड्या वेळापूर्वीच चावला होता, तिनंच तो उलथन्यानं चुलीत लोटला होता. ती भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज रोजच्यासारखा होता, फक्त मधे मधे थांबत होता. मी तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली, “लई छान रडती ती. आपल्याला न्हाई यायचं असं.”

तात्यांच्या सत्काराचा घाट घातला गेला तो एका पुढाऱ्यामुळं. त्यांच्या मेव्हण्याचा विंचू तात्यांनी उतरवला होता, आणि निवडणूक फार लांब नव्हती. आमच्या दारासमोर मांडव पडला. नारायणगावाहून कर्णा आणि माईक आला. माईकवाला सकाळपासून “हॅलो, हॅलो, चेक” एवढंच बोलत होता, आणि त्या दिवसातलं सर्वांत अर्थपूर्ण भाषण तेच होतं हे मला नंतर कळलं. जेवण मासवडीचं. घरात सकाळपासून बेसन घोटणं चाललं होतं. तीळ, खोबरं, लसूण भाजून कुटायचं, ओल्या फडक्यावर बेसनाचा थर थापायचा, त्यात ते सारण भरायचं, फडक्यानंच गुंडाळी करून वर माशासारखी धार आणायची आणि मग वड्या कापायच्या. बाहेर चुलवणावर रस्सा उकळत होता. आई घामानं निथळत होती आणि आत्या नवं कोरं लुगडं नेसून उंबऱ्यावर फुलं वाहत होती, त्याच उंबऱ्यावर.

माझी थोरली बहीण, आक्का, गोवऱ्या आणायला परसात गेली. परत आली ती उजवा हात डाव्या हातात धरून. ओरडली नाही. आमच्यात कुणी ओरडत नसे. आईजवळ येऊन हळूच म्हणाली, “आई, ते चावलं. पण हे बारकं हाय, लाल.” मी चिमटा घेऊन धावले. गोवरीवर बसलेला होता. बोटाच्या पेराएवढा, गाजराच्या सालीच्या रंगाचा, नांगी उचललेला. काळे विंचू दिसायला भयंकर आणि आकारानं मोठे, त्यामुळं गावात त्यांना मान होता. लाल विंचू किरकोळ दिसायचा. मान आणि विष यांचा संबंध नसतो, हे पुढं माणसांच्या बाबतीतही बघायला मिळालं.

तात्यांना आत बोलावलं. नवा फेटा, गळ्यात अगोदरच कुणीतरी घातलेला हार. बाहेर कळू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावलं आणि त्यांनी पोटच्या पोरीच्या हातावरून डहाळा फिरवला. “कुठवर आलं?” आक्का म्हणाली, “आता दुखत न्हाई तात्या. हात बधिर झालाय नुसता.” तात्यांनी डहाळा भुईवर आपटला. “उतरला,” ते म्हणाले, फेटा नीट केला आणि बाहेर गेले. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करते. भोंदू माणूस निदान स्वतःच्या पोरीला तरी गुपचूप दवाखान्यात नेतो.

थोड्याच वेळात आक्काला घाम फुटला. उन्हाळ्याचा घाम नव्हे. हात लावला तर माठाला हात लावल्यासारखा गार. उलटी झाली, दुसरी झाली. मग श्वास घेताना छातीत हुक्क्यासारखा आवाज यायला लागला. आत्या म्हणाली, “ऊन लागलंय. कांदा हुंगवा.”

“ऊन न्हाई लागलं. लाल व्हता,” आई म्हणाली.

“व्हता म्हनू नको. आज तरी म्हनू नको. बाहेर सारी पंचक्रोशी बसलीय.”

आईनं माझ्याकडं बघितलं. “तात्यांना म्हनाव, जीप मागा. नारायणगावला न्यायची.”

मी मांडवाच्या कडेनं गेले. तात्या मधल्या खुर्चीत बसले होते, शेजारी पुढारी. मी मागून वाकून कानात सांगितलं. तात्या समोर बघत राहिले. ओठ न हलवता बोलायची त्यांना सवयच होती. म्हणाले, “जेवणं होऊ दे.”

आत येऊन मी ते शब्द तसेच सांगितले. परातीत अर्धी मासवडी थापून ठेवलेली होती, तिच्याकडं आईनं एकदा बघितलं. मग ती उठली आणि बेसनाच्या हातांनीच बाहेर चालायला लागली. आत्यानं पदर धरला तो तिनं सोडवून घेतला आणि डोक्यावर ओढला. ओट्यावर पुरुषमंडळी असताना आई उंबरा ओलांडून बाहेर आली, हे लग्नापासून पहिल्यांदाच घडत होतं.

पुढारी बोलत होते. “जिथं सायन्स हात टेकतं, तिथं आमच्या तात्यांचा डहाळा चालतो! अरे, या उंबऱ्याला...” आई माईकच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भाषण करणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. तो श्वास घेईपर्यंत ती थांबली.

“साहेब, जीप द्या,” ती म्हणाली. कर्ण्यातून तिचा आवाज सगळ्या पठारावर गेला आणि ती स्वतःच दचकली. “पोरीला विंचू चावलाय.”

“कुणाच्या पोरीला?”

“माझ्या. घरात चावला.”

मागून कुणीतरी, बहुधा तिला मदत करायच्या हेतूनं, म्हणालं, “आवो वहिनी, तात्या हायेत की हितंच!”

“त्यांचं उतरवून झालं,” आई म्हणाली. “आता जीप द्या.”

माईक चालू असल्यामुळं पुढाऱ्यांना “द्या, द्या, जीप द्या” याखेरीज काही म्हणता आलं नाही. ड्रायव्हर मांडवाच्या टोकाला ताट मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं ताट बाजूला सारलं आणि तसाच उष्ट्या हातानं उठला. “चला वहिनी, घ्या तिला.” आई, मी आणि आमच्या मांडीवर आक्का. तात्या खुर्चीतून उठले नाहीत. जीप वळताना मला ते दिसले. हार, फेटा आणि मधे एक चेहरा, ज्यावर काहीच नव्हतं. नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटांनी रस्ता भरलेला होता, ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आई सबंध वाटभर आक्काच्या कानात एकच बोलत होती : “वरड. आता वरड. आता कोन न्हाई.” आक्का ओरडली नाही. तिला तेवढा श्वास नव्हता.

डॉक्टर तरुण होता, नवीन दवाखाना टाकलेला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “लाल की काळा?” मग रक्तदाबाची म्हणून ओळखली जाणारी एक गोळी दिली, सलाईन लावलं नाही, उशाशी बसून राहिला. संध्याकाळपर्यंत आक्काचे हात कोमट झाले. तेव्हा तो आईला म्हणाला, “काळा असता तर तुमच्याकडचा मांत्रिकसुद्धा चालला असता. काळ्याची कळ काही तासांत आपली आपणच उतरते, डहाळा फिरवा नाहीतर झाडू फिरवा. लाल चावल्यावर दुखायचं थांबलं की घाबरायचं.” आमच्या सगळ्या पिढ्यांची विद्या त्यानं स्टेथोस्कोप गुंडाळता गुंडाळता सांगून टाकली. तो मांत्रिक कोण हे आईनं त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “बराय.”

आक्का वाचली. आम्ही घरी परतलो तोवर गावानं झाल्या प्रकाराचा अर्थ लावून ठेवला होता. तात्यांनी अगोदर विष उतरवलं होतं म्हणूनच पोरगी नारायणगावापर्यंत टिकली. डॉक्टरनं काय, गोळी दिली. उंबऱ्यात विंचू आलाच कसा, याचंही उत्तर आत्याकडं तयार होतं. आई माहेरी गेली की शेवग्याची आमटी खाते, हे तिला कुणाकडूनसं समजलं होतं. वर मोडला तो शिनोलीत मोडला. तात्यांची कीर्ती या प्रसंगानं वाढली, आणि आईच्या नावाला जे लागलं ते शेवटपर्यंत निघालं नाही. तात्यांनी तिच्या हातचं खाणं सोडलं, त्यांचं ताट आत्या वाढू लागली. आई म्हणाली, “बरं झालं. तेवढंच थापायचं वाचलं.” मला तेव्हा हसू आलं होतं. तिला आलं होतं का, हे मी बघितलं नाही.

एक गोष्ट तिनं आल्या दिवशीच केली. मांडणीवरच्या वाट्या काढल्या, पाण्यानं भरल्या आणि घरातल्या प्रत्येक बाजेच्या पायांखाली ठेवल्या, ओट्यावरच्या बाजेच्याही, जिच्यावर तात्या बसत. तात्या म्हणाले, “काढ त्या. लोकं येत्यात.”

“तुमी काढा,” आई म्हणाली. “वाकावं लागंल.”

वाट्या राहिल्या. लोक यायचे, वाट्या बघायचे आणि त्याचाही अर्थ लावायचे. काहींच्या मते त्या पाण्यावर मंत्र होता.

पुढच्याच उन्हाळ्यात मेंढरं घेऊन फिरणारं एक कुटुंब आमच्या माळावर उतरलं होतं. त्यांच्या लहान पोराला लाल चावला. बाप त्याला खांद्यावर घेऊन नारायणगावची जीप पकडायला निघाला होता. रस्त्यात कुणीतरी आक्काची गोष्ट सांगितली, आणि तो आमच्या ओट्याकडं वळला. आई दारात येऊन म्हणाली, “दादा, हितं बसू नका. जीप बघा.” त्यानं आईकडं बघितलं, मग तात्यांकडं. त्यांनी डहाळा उचलला. पोराची कळ थांबली. बापानं रिवाजाप्रमाणं आभार मानले नाहीत, मागं वळून बघितलं नाही. दुपार कलायच्या आत माळावरून जो आवाज आला तो त्या पोराच्या आईचा होता. तात्या म्हणाले, “उशिरा आणलं.” त्या दिवशी आई जेवली नाही. संध्याकाळी ती परसात गेली, शेवग्याच्या शेंगा काढल्या आणि चुलीवर आमटी ठेवली. सगळ्या ओट्यावर वास गेला. कुणी तिला काही विचारलं नाही. तीही ती आमटी न खाता तशीच झाकून झोपली.

आता आई नाही, तात्या नाहीत, आत्याही नाही. आक्का आळेफाट्याला असते, तिच्या उजव्या हाताला थंडीत मुंग्या येतात असं ती म्हणते. तिच्या नातवंडांना तिनं ओरडायला शिकवलंय. काटा मोडला तरी सबंध गल्ली गोळा होते. आईचं गावात काही नाही. तात्यांचा मात्र, जुनं घर पाडलं त्या जागी, गावानं काळ्या दगडाचा चौथरा बांधला. वर संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव आणि नावामागं ‘विषहर्ता’ कोरलेलं. दगड चांगले घडीव आहेत, पण सांध्यांत सिमेंट भरायचं राहून गेलं. दर पुण्यतिथीला तिथं माईक येतो, मासवडी असते, आणि आदल्या दिवशी फवारणीवाला येऊन जातो. चौथऱ्याच्या पायरीशी एक लहान पाटी लावली आहे : कृपया चपला काढू नयेत.